काथ, कातकरी आणि कॅटेकॉल

बारावीच्या रसायनशास्त्रात फिनॉल वर्गातील संयुगांची एक छोटी यादी असते : कॅटेकॉल, रिसॉर्सिनॉल, क्विनॉल. विद्यार्थी ती पाठ करतात, उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि विसरतात. मुळशी तालुक्यात शिकवीत असताना मीही ही यादी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली. एका वर्षी मागच्या बाकावर कातकरवाडीतला एक मुलगा बसत असे. त्या वाडीतून बारावीपर्यंत पोचलेला तो पहिलाच. त्याच्या दाखल्यावर जमातीच्या रकान्यात 'कातकरी' असे लिहिलेले होते. फळ्यावरचा 'कॅटेकॉल' आणि दाखल्यावरचा 'कातकरी' हे दोन शब्द एकाच झाडाच्या गाभ्यातून निघालेले आहेत, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याला ठाऊक नव्हते यात नवल नाही. पण ते मलाही ठाऊक नव्हते, आणि शिकवणारा मी होतो. माझे हे अज्ञान माझ्या एकट्याचे नव्हते. ते एका व्यवस्थेने पद्धतशीरपणे घडवलेले अज्ञान होते. म्हणूनच त्याची चिकित्सा येथे करावयाची आहे.

कातकरी म्हणजे काथ करणारा. काथोडी, कातवडी ही त्याच नावाची दुसरी रूपे. सोनाराला सोन्यावरून नाव मिळाले, लोहाराला लोखंडावरून. तसे या जमातीला तिने खैराच्या लाकडातून काढलेल्या एका पदार्थावरून नाव मिळाले. मुळशीपासून ताम्हिणीचा घाट उतरून माणगावकडे गेले तर घाटाच्या माथ्यावर आणि पायथ्याशी दोन्हीकडे कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांत त्यांची वस्ती मोठी. गावाच्या कडेला, ओढ्याच्या काठी किंवा दुसऱ्याच्या मालकीच्या माळावर दहा-वीस झोपड्या, असे या वाड्यांचे रूप. या झोपड्यांत रसायनशास्त्राचा इतिहास शोधायला आजवर कोणी गेले नाही. का गेले नाही, हाच खरा प्रश्न आहे.

आधी काथ म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. खैराचे झाड तोडायचे, साल आणि बाहेरचे पांढरट लाकूड तासून टाकायचे व आतला तांबडा गाभा तेवढा घ्यायचा. त्याच्या बारीक ढलप्या करायच्या. त्या मातीच्या मडक्यांत पाणी घालून चुलाणावर तासन् तास उकळायच्या. काढा गाळून घ्यायचा, पुन्हा आटवायचा, दाट झाला की थंड होऊ द्यायचा आणि घट्ट झालेल्या गोळ्याच्या वड्या पाडून सुकवायच्या. ऐकायला सोपे वाटते. पण यातील प्रत्येक पायरीत एक रासायनिक निर्णय आहे. गाभाच का? कारण हवे ते द्रव्य बाहेरच्या पांढऱ्या लाकडात नसल्यासारखेच असते. मातीचे मडके का? कारण लोखंडाचा संपर्क झाला की काढ्यातील टॅनिन काळेनिळे पडते आणि माल बिघडतो. आग बेताची का? कारण काढा फार तापला की त्यातील कॅटेचिनचे रेणू एकमेकांना जखडून काळपट, न विरघळणारा चोथा होतो. थंड का होऊ द्यायचा? कारण कॅटेचिन गरम पाण्यात सहज विरघळते, थंड पाण्यात फारच थोडे. काढा निवला की ते आपोआप खाली बसते. टॅनिन मात्र थंड पाण्यातही विरघळलेले राहते. खाली बसलेले गाळून घेतले तर विड्यात घालण्याचा फिकट काथ मिळतो आणि उरलेले पाणी आटवले तर कातडी व कापड रंगवण्याचा काळपट काथ मिळतो.

अर्क काढणे, गाळणे, आटवणे, स्फटिक पाडणे. कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षी शिकवल्या जाणाऱ्या या चार क्रिया. या चारही क्रिया रानात, मडक्यांवर, तापमापकाशिवाय करणारी माणसे 'अडाणी' ठरली आणि त्यांच्या मालाचे वजन करणारी माणसे शास्त्रज्ञ ठरली.

हा माल फार जुन्या काळापासून बाहेर जात होता. गोव्यात वास्तव्य केलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात काथाची माहिती दिली आहे. लाकूड कसे उकळतात, काढ्यात नाचणीचे पीठ कसे मिसळतात, वड्या कशा वाळवतात, हे त्याने नोंदवले. पण युरोपच्या औषधी दुकानांत ही नोंद नीट पोचली नाही. सतराव्या शतकात तेथे काथाला 'टेरा जपोनिका' म्हणत. म्हणजे जपानची माती! ज्या वस्तूसाठी इकडे माणसे रात्रंदिवस चुलाणापुढे बसत होती, ती वस्तू तिकडच्या विद्वानांना जमिनीतून खणून काढलेली वाटत होती. कष्ट करणारे हात नजरेआड झाले की त्यांची निर्मिती ही निसर्गाची देणगी वाटू लागते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणार नाही.

पुढे इंग्लंडच्या कातडी कमावणाऱ्या धंद्याला ओकच्या सालीचा तुटवडा भासू लागला. त्याआधी १७९० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये आर्मां सेगँ याने कातडे कशामुळे टिकाऊ होते याचा शोध घेऊन साल व पाणी यांतील कार्यकारी द्रव्य वेगळे ओळखले होते. लंडनमध्ये रॉयल सोसायटीचा अध्यक्ष जोसेफ बँक्स याला काथाची तुरट चव पाहून त्यात हेच द्रव्य असावे अशी शंका आली. त्याने नमुने दिले हम्फ्री डेव्ही या चोवीस वर्षांच्या रसायनशास्त्रज्ञाकडे. डेव्हीने दोन नमुने तपासले, एक मुंबईचा आणि एक बंगालचा. १८०३ साली त्याने निष्कर्ष छापले. मुंबईच्या काथाच्या २०० ग्रेनमध्ये १०९ ग्रेन टॅनिन मिळाले, बंगालच्या काथात ९७. मुंबईचा काथ सरस ठरला. काथ अनेक प्रांतांत होत असे, बंगाल-बिहारात होई, ब्रह्मदेशात होई. तो एकट्या कातकऱ्यांचा शोध होता असे म्हणणे खोटे ठरेल. पण मुंबई बंदराच्या पाठीमागच्या रानांत काथ करणारी जमात कोणती, हे तिच्या नावातच लिहिलेले आहे. डेव्हीच्या तराजूत तिच्या हातचे कसब पडले होते. हा डेव्ही पुढे सोडियम आणि पोटॅशियम ही मूलद्रव्ये वेगळी करून जगप्रसिद्ध झाला.

त्यानंतर काथाचे नाव रसायनशास्त्राच्या कोशात पसरत गेले. काथातील स्फटिकी द्रव्याला कॅटेचिन म्हणू लागले. १८३९ साली जर्मनीत राइन्श याने ते बंद भांड्यात तापवून त्याचे ऊर्ध्वपातन केले आणि त्यातून एक नवे संयुग मिळवले. तेच आजचे कॅटेकॉल. लाकूड हवेशिवाय तापवून त्याचे घटक फोडण्याची जी क्रिया कातकऱ्यांच्या कोळशाच्या भट्टीत घडते, तिचीच ही काचेच्या भांड्यातली बहीण. १९०१ साली जोकिची ताकामिने या जपानी शास्त्रज्ञाने अॅड्रेनलिन स्फटिकरूपात मिळवले. त्याच्या रेणूच्या मुळाशी कॅटेकॉलचेच कडे निघाले. म्हणून अॅड्रेनलिन, डोपामीन अशा द्रव्यांच्या साऱ्या कुळाला पुढे 'कॅटेकोलअमाइन' हे नाव पडले. १९२९ साली मिचियो त्सुजिमुरा या जपानी संशोधिकेने हिरव्या चहातून कॅटेचिन वेगळे केले. आज शहरातील सुखवस्तू माणूस प्रकृतीसाठी जो हिरवा चहा पितो, त्याच्या डब्यावर हा शब्द छापलेला असतो.

म्हणजे पाहा. वनखात्याचा शिपाई दिसताच लाकडाची मोळी टाकून पळणाऱ्या कातकरी बाईची छाती ज्या द्रव्याने धडधडते, त्या द्रव्याच्या कुळाचे नावही तिच्याच पूर्वजांच्या काथावरून आलेले आहे. नाव जगभर गेले आणि नावाचा धनी रानातून हाकलला गेला.

या इतिहासात काथ करणारे कोठे आहेत? ते आहेत, पण दुसऱ्या पुस्तकात. १८४३ साली मिशनरी जॉन विल्सन यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात वारली आणि कातोडी या जमातींवर निबंध लिहिला. त्यांचे राहणे, खाणे, देवधर्म यांची चौकशी केली. ब्रिटिश अंमलदारांच्या लिखाणात तर चोरटे आणि दारूबाज अशीच त्यांची ओळख झाली. डेव्हीच्या कागदात काथ आहे, माणूस नाही. विल्सन यांच्या निबंधात माणूस आहे, पण तो कुतूहलाचा विषय म्हणून. जाणकार म्हणून नव्हे. ग्रंथालयात एक पुस्तक रसायनशास्त्राच्या कपाटात गेले, दुसरे मानववंशशास्त्राच्या. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून कोणी वाचली नाहीत.

परक्यांना बोल लावून आपण मोकळे होऊ शकत नाही. कातकऱ्यांच्या शेजारी शेकडो वर्षे राहणाऱ्या आपल्या विद्वान वर्गाने काय केले? विडा हा आपल्या आतिथ्याचा मानबिंदू. काथ आणि चुना एकत्र आले की विडा रंगतो. चुन्याच्या अल्कधर्मामुळे काथातील द्रव्यांचे ऑक्सिडीकरण होऊन तो लाल रंग चढतो. ज्यांना ओटीवर पाऊल टाकू दिले जात नव्हते त्यांनी केलेल्या काथाने ओटीवर बसलेल्यांची तोंडे रंगत होती. पण हा रंग का चढतो, असा प्रश्न पोथी वाचणाऱ्याने काथ करणाऱ्याला कधी विचारला नाही. विचारणार कसा? विचारायचे तर त्याच्या चुलाणापाशी जाऊन बसावे लागले असते.

आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. प्राचीन वैभवाच्या आरत्या ओवाळण्यासाठी त्या ग्रंथाचे नाव आजही घेतले जाते. पण त्याच ग्रंथात राय यांनी या विद्येचा ऱ्हास का झाला याची मीमांसा केली आहे, ती सांगण्याचे मात्र सोयीस्करपणे टाळले जाते. कारागिरी खालच्या मानलेल्या जातींकडे ढकलली गेली, बुद्धिजीवी वर्गाने हातांच्या कामाशी नाते तोडले आणि त्यामुळे कार्यकारणाचा शोध घेण्याची वृत्तीच मरून गेली, असे निदान त्यांनी केले आहे. राय यांनी ते स्वतःच्या आचरणातही उतरवले. खाटकांकडून हाडे आणून ती आपल्या घराच्या गच्चीवर वाळत घालून त्यांनी फॉस्फेट तयार केले. कावळे जमले, दुर्गंधी सुटली, शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या. पण भारतीय रासायनिक उद्योगाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक माणूस हाडांना हात लावूनच पुढे गेला. आपल्याकडे हाडांना आणि कातड्यांना हात लावणे हा काहींच्या जन्माचा कलंक ठरवला गेला होता.

कातड्याचेच पाहा. आपला ढोर समाज चुन्याच्या कुंडात कातडे भिजवून केस सोडवतो, मग हिरडा आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यात ते मुरवतो. कातड्याची पिशवी शिवून, तिच्यात सालीचे पाणी भरून ती टांगून ठेवायची आणि पाणी कातड्यातून झिरपू द्यायचे, ही त्यांची पद्धत. टॅनिनचे रेणू कातड्यातील प्रथिनाला बांधून ठेवतात आणि कुजणारी वस्तू न कुजणारी होते. डेव्हीने टॅनिन मोजण्यासाठी सरसाच्या द्रावणाचा उपयोग केला, त्याचेही मूळ तत्त्व हेच. सह्याद्रीतला हिरडाही युरोपच्या कातडी बाजारात जात असे आणि तेथे त्याच्या प्रतींना वेंगुर्ला, जबलपूर अशी गावांची नावे होती. रानात आदिवासींनी हिरडा वेचला, गावकुसाबाहेर ढोरांनी कातडे कमावले, चांभारांनी जोडा शिवला. एका रासायनिक साखळीचे हे तीन दुवे तीन जातींत-जमातींत तोडून ठेवले गेले. जातिव्यवस्था कामाची वाटणी करीत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडते, हा बाबासाहेबांचा विचार येथे रसायनशास्त्राच्या भाषेतही खरा ठरतो. ज्ञान एका दुव्यातून दुसऱ्या दुव्यात वाहिलेच नाही. जे वाहत नाही ते वाढत नाही.

आता कातकऱ्यांची ही प्रयोगशाळा कोणी मोडली ते पाहू. १८७८ साली इंग्रजांनी वनांचा कायदा केला. राखीव रान ही सरकारची मालमत्ता झाली. तेथे परवानगीशिवाय झाड तोडणे, कोळसा पाडणे हा गुन्हा ठरला. खैर सरकारी झाला आणि खैरावरून ज्याचे नाव पडले तो आपल्याच रानात गुन्हेगार झाला. ज्यांच्याजवळ पैसा होता ते ठेकेदार झाले आणि कातकरी त्यांच्या हाताखाली कोळसा पाडू लागला. नंतर वीटभट्टी आली. दिवाळीनंतर उचल घेऊन घरदारासह भट्टीवर जायचे, पावसाळ्याच्या तोंडावर परतायचे आणि हिशेबात पुन्हा देणेकरीच निघायचे. १९७६ साली वेठबिगारी नष्ट करणारा कायदा झाला, तरी उचलीचा हा फास सुटलेला नाही.

मुळशीच्या खोऱ्यावर तर दुसरे संकटही आले. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीचे धरण येथे बांधले गेले आणि पन्नासाच्या आसपास गावांवर पाणी चढले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचे नाव त्यामुळे महाराष्ट्रभर झाले. त्या लढ्याची थोरवी कमी करण्याचे कारण नाही. परंतु त्यातील मागणी आणि मोबदला या दोन्हींची भाषा जमिनीच्या मालकीची होती. ज्याचे नाव कागदावर होते त्याचे काहीतरी बुडाले असे धरले गेले. ज्याचे नाव कोणत्याच कागदावर नव्हते, ज्याचे सारे धन म्हणजे रानाची ओळख आणि हातातील कसब, त्याचे काय बुडाले हे मोजायला सरकारजवळ माप नव्हते. चळवळीजवळही नव्हते. स्वतंत्र भारतात सरकारने कातकऱ्यांना 'आदिम जमात' अशा यादीत घातले. ज्यांनी स्फटिकीकरण साधले ते आदिम!

येथे दोन मोहांपासून सावध राहिले पाहिजे. पहिला मोह अभिमानाचा. 'आमच्याकडे सारे शास्त्र होतेच' असे म्हणणारे एक पीठ देशात आहेच. त्याला जोडून आपण दुसरे पीठ उघडण्यात अर्थ नाही. कातकऱ्यांजवळ पक्की, पारखलेली क्रियाविद्या होती. पण काढा निवला की काथ खाली का बसतो, या 'का'चे उत्तर तिच्यात नव्हते. ते उत्तर शोधायला अक्षर लागते, सवड लागते, एकाने केलेला प्रयोग दुसऱ्याने तपासावा अशी सभा लागते. या तिन्ही गोष्टी त्यांना नाकारल्या गेल्या. नाकारले गेले हे सांगणे म्हणजे उणेपणा सांगणे नव्हे. तो अन्यायाचा नेमका हिशेब आहे.

दुसरा मोह परत फिरण्याचा. शहरातील काही सज्जनांना आदिवासींची पारंपरिक विद्या टिकावी असे फार वाटते. त्यासाठी त्या मुलाने बारावी सोडून चुलाणापुढे बसावे काय? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढण्याचे सोडा असे सांगितले, ते त्या कामात कसब नव्हते म्हणून नव्हे. जन्माने लादलेले काम कितीही कसबाचे असले तरी ती गुलामीच असते म्हणून सांगितले. आपल्याला हक्क हवा आहे तो मडक्याचा नव्हे, प्रयोगशाळेचा.

आणि प्रयोगशाळा दूर नाहीत. पुण्याच्या पाषाण भागात, मुळशीच्या वाटेवरच म्हणावे अशा ठिकाणी, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी आहे. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. १९५७ मध्ये तिचे पहिले भारतीय संचालक झालेले डॉ. के. वेंकटरामन हे फ्लॅव्होनॉइड या द्रव्यकुळाचे जगन्मान्य अभ्यासक होते. काथातील कॅटेचिन हे त्याच कुळातले. काथाचे रसायन पाषाणपर्यंत पोचले. काथ करणाऱ्यांची मुले तेथवर पोचावीत यासाठी मुळशीचा रस्ता पुरेसा नाही. वाडीतली शाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि विज्ञान शाखेत टिकून राहता येईल असा आधार, इतके सारे लागते.

तोवर आमच्या माणसांची रसायनाशी गाठ पडते ती वेगळ्याच दाराने. पिरंगुटच्या परिसरात आता कारखाने उभे आहेत. त्याच भागात उरवडे येथे ७ जून २०२१ रोजी पाणी शुद्ध करण्याचे रसायन तयार करणाऱ्या एका कारखान्यात आग लागली आणि १७ कामगार जळून मेले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. त्या कोणत्या जातीच्या होत्या हे विचारण्याचे कारण नाही. हाताखालच्या रसायनाचा स्वभाव काय, ते केव्हा पेटते, पेटले तर कोणत्या दाराने पळायचे, हे त्यांना कोणी आणि किती शिकवले होते, हे विचारले पाहिजे. काथ करणाऱ्या बाईला आपल्या मडक्यातील द्रव्याचा स्वभाव ठाऊक होता. कारखान्यात कामगाराचा हात तेवढा भाड्याने घेतला जातो. ज्ञान कार्यालयातच राहते. हात आणि डोके यांची जी फाळणी राय यांनी जुन्या समाजात पाहिली, ती नव्या छपराखाली पुन्हा उभी आहे, आणि आता तिची किंमत प्राणांनी मोजावी लागते.

म्हणून रसायनशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना माझे सांगणे आहे. फळ्यावर कॅटेकॉल लिहाल त्या दिवशी शेजारी 'काथ' आणि 'कातकरी' हेही शब्द लिहा. दोन मिनिटे लागतात. कार्यकर्त्यांनी वाड्यांत जाताना शिधापत्रिका आणि २००६ च्या वनहक्क कायद्याचे अर्ज यांच्याबरोबर एक कोरी वहीही न्यावी. घरात ऐकलेले काथाचे बोल ज्यांना आठवतात अशी म्हातारी माणसे अजून असतील. त्यांना विचारावे आणि त्यांचे उत्तर माहिती म्हणून नव्हे, विद्या म्हणून लिहून घ्यावे.

माझ्या वर्गातला तो मुलगा बारावीची परीक्षा देऊ शकला नाही. फेब्रुवारीत घरचे भट्टीवर गेले, त्यांच्याबरोबर तोही गेला. पटावर त्याच्या नावापुढे मी गैरहजेरीची खूण केली. ती खूण त्याच्या नावापुढे असली तरी गैरहजर तो नव्हता.